खिळ्यावरचा आकाशी शर्ट

मला रागवायला कोणी शिकवलं असेल, तर अहेरीच्या वहाबभाऊंनी. वाचायला शाळेने शिकवलं, गणित एका सरांनी शिकवलं, शहरात चार माणसांत बसून चमच्याने कसं खायचं ते मेसमधल्या मित्रांनी शिकवलं. त्या सगळ्यांचा मी आभारी आहे. पण राग मात्र वहाबभाऊंचा. आणि मी जो काही आज आहे, तो बराचसा त्या रागामुळे आहे.

अहेरीच्या बाजारात वहाबभाऊंचा 'नजर फोटो स्टुडिओ' आहे. आत शिरलं की आधी दिसतो तो कॅमेरा नव्हे, खिळ्यावर टांगलेला एक आकाशी शर्ट. रेघ नाही, चौकडी नाही, फूल नाही. शेजारी त्याच कापडाची एक ओढणी, बायांसाठी. गिऱ्हाईक बारीक चौकडीचा किंवा बारीक रेघांचा शर्ट घालून आलं, की वहाबभाऊ 'या, बसा' म्हणत नाहीत. ते म्हणतात, "उतरवा."

"काऊन भाऊ? नवाच हाये ना."

"नवा हाये म्हणूनच सांगून राह्यलो. जुना असता तं रेघा तरी पुसल्या असत्या. उतरवा तो, अन् हा घाला."

मग शिक्षक असो, ठेकेदार असो, नाहीतर नोकरीच्या परीक्षेला निघालेला पोरगा असो, आकाशी शर्टात शिरतो आणि स्टुलावर बसतो. शर्ट जाड्या माणसाच्या पोटावर ताणला जातो आणि बारक्याच्या खांद्यावरून ओघळतो. फाटला की वहाबभाऊ त्याच कापडाचा दुसरा शिवून आणतात. या कारणाने आमच्या भागातल्या निम्म्या ओळखपत्रांवर एकच शर्ट आहे. एकदा ओळखपत्रांच्या एका शिबिरात नवीन बदलून आलेल्या साहेबांनी कागदांचा गठ्ठा चाळता चाळता शंकेने विचारलं होतं, "हे सगळे लोक कोणत्या एका संघटनेचे आहेत का?" शिपायाने घाईघाईने सांगितलं, "नाई साहेब, हे सगळे वहाबभाऊचे हायेत."

एखादा शहाणा म्हणतो, "राहू द्या भाऊ, मी घरी जाऊन बदलून येतो." तेव्हा जो राग निघतो तो ऐकायला समोरचा पानठेलेवाला ठेला सोडून येतो.

"घरी कोणी जानार नाई! बसा! एक शर्ट घालाले तुमची इज्जत जाते काय? इथीच बदला, इथीच बसा, इथीच फोटो होईन!"

घरी जाण्याचा त्यांना एवढा राग का, ते कोणालाच कळत नसे. दोन पावलांवर घर असलेल्या माणसालाही ते दारात आडवे होत.

फोटो काढतानाही ते 'हसा' म्हणत नाहीत. "मान वर. एवढी नाई. सांगतलं काय, करते काय! डोये उघडा, चोरी केली काय?" त्यामुळे शर्ट जसा एक, तसा चेहराही एकच: नुकतीच बोलणी खाल्लेल्या माणसाचा. कोणीही बघून सांगावं, हा 'नजर'चा फोटो.

या चौकडीच्या वैराची एक गोष्ट ते सगळ्यांना सांगत. फिल्मचा जमाना संपत आला तेव्हा त्यांनी नागपूरहून डिजिटल कॅमेरा आणला. पहिल्याच दिवसांत एक नवरदेव बारीक चौकडीचा शर्ट घालून आला. फोटो पाहतात तर शर्टावर जांभळे, हिरवे, पिवळे पट्टे, साप चालल्यासारखे. शर्टात त्यातला एकही रंग नाही! वहाबभाऊ कॅमेरा घेऊन तडक नागपूरला गेले. दुकानदाराने फोटो पाहिला, कॅमेरा पाहिला आणि शांतपणे सांगितलं, "होतं असं."

"होते असं म्हणजे काय?" हे वाक्य वहाबभाऊंनी त्या काउंटरवर पहिल्यांदा उच्चारलं, आणि त्यानंतर ते त्यांच्या तोंडातून कधी गेलंच नाही. वीज गेली, होते असं म्हणजे काय? बस रद्द झाली, होते असं म्हणजे काय? जगातली सगळी लबाडी 'होते असं' या दोन शब्दांमागे लपून बसते, असं त्यांचं ठाम मत आहे.

एवढंच, की त्या नवरदेवाचं गाव दर वेळी बदलायचं. कधी तो आलापल्लीचा असे, कधी सिरोंचाकडचा. एकदा तर तो वरोऱ्याहून आला होता. मला वाटे, रागाच्या भरात गावाची काय पर्वा.

माझी त्यांची ओळख दहावीच्या फॉर्ममुळे झाली. माझं गाव अहेरीपासून आत, जंगलात. घरी थोडं धान आणि मोह-तेंदूच्या दिवसांत जंगल. शिकायला अहेरीच्या वसतिगृहात आलो. फॉर्मसाठी मी आधी दुसऱ्या एका स्टुडिओत गेलो होतो. त्यांनी मला संगणकावर इतका गोरा केला, की गावी तो फोटो नेल्यावर माझ्या आईने गोंडीत विचारलं, हा कोण? वडिलांनी सांगितलं, आपलाच आहे, शिकतोय ना, म्हणून असा झाला असेल.

मला फार लाज वाटली. मी वहाबभाऊंकडे गेलो आणि भीत भीत तो फोटो पुढे केला. त्यांनी तो हातात धरला आणि पेटले. माझ्यावर नाही. फोटोवर, स्टुडिओवर, कॅमेरा बनवणाऱ्या सगळ्या देशांवर.

"पोरगा सावळा हाये, तं सावळा दिसला पायजे! पण दिसला पायजे! एक जण चुना फासते, दुसरा अंधारात ठेवते. हा कॅमेरा ज्यानं बनवला ना, त्यानं आपल्याकडचा माणूस कधी पाह्यलाच नाई. शर्ट घाल!"

उजेड फेकायला थर्माकोलचा पांढरा तुकडा माझ्या गालाजवळ धरून, दिवे इकडून तिकडे सरकवून, कॅमेऱ्याला शिव्या देत त्यांनी फोटो काढला. तो मी घरी नेला. आईने बोट ठेवलं आणि म्हणाली, हा माझा.

आमच्या घरात कोणी रागावत नसे. म्हणजे घरातल्या घरात भांडणं होत, पण बाहेर नाही. कार्यालयात 'उद्या या' म्हटलं की माझे वडील 'बरं साहेब' म्हणून जंगलवाटेने परत फिरत आणि परवा पुन्हा येत. मी त्यांचाच मुलगा. बारावीनंतर एका दाखल्यासाठी मी आणि वडील गडचिरोलीला एका कार्यालयात अशाच चकरा मारत होतो. योगायोगाने वहाबभाऊ त्याच बसमध्ये भेटले. ते फोटोचा कागद आणायला निघाले होते. "दाखला मिळाला?" त्यांनी विचारलं. वडील म्हणाले, "नाई जी. होते असं."

झालं! कागद राहिला बाजूला. वहाबभाऊ आमच्यासोबत आत शिरले. बाबूंनी मान वर न करता सांगितलं, अर्जावरचा फोटो स्पष्ट नाही.

"फोटो स्पष्ट नाई?" वहाबभाऊंचा आवाज व्हरांड्याच्या टोकापर्यंत गेला. "तो फोटो मी काढला हाये! तुमच्या डोक्यावरची ही ट्यूबलाइट पाहा. हिच्याखाली तुमच्या स्वतःच्या मायनं तुमाले ओळखलं तं सांगा! चला बाहेर, उन्हात पाहा फोटो. चला!"

आणि त्यांनी खरोखर तो अर्ज, तो बाबू आणि मला, तिघांना उन्हात आणून उभं केलं. फोटो माझ्या गालाला लावून धरला. "हा तो, की नाई? बोला!" गर्दी जमली. बाबू म्हणाले, "आहे, आहे." दाखला त्याच दुपारी मिळाला. बसमध्ये वडील दाखला उघडून पुन्हा पुन्हा बघत होते. मग हळूच मला म्हणाले, "असं पण करता येते?"

मी त्या दिवशी शिकलो, की असं पण करता येतं.

पुढे मी इंजिनिअरिंगला गेलो. प्रोजेक्टसाठी विषय निवडायची वेळ आली तेव्हा मी डोळे मिटून कॅमेऱ्याचा घेतला, कारण त्या सापांचं उत्तर मला वहाबभाऊंना द्यायचं होतं. उत्तर सापडलं तेव्हा सुट्टी लागायचीही वाट न पाहता अहेरी गाठली.

"वहाबभाऊ, कॅमेऱ्याच्या आत जे फोटो पकडणारं पान असतं ना, त्यावर अगदी बारीक ठिपके असतात. एकेका ठिपक्यावर एकेक रंगीत काच बसवलेली असते. लाल काचेच्या ठिपक्याला फक्त लाल उजेड समजतो, हिरव्याला हिरवा, निळ्याला निळा. एका ठिपक्याला एकच रंग."

"अन् बाकीचे दोन?"

"ते शेजारच्या ठिपक्यांना विचारून भरतात. लाल ठिपका शेजारच्या हिरव्याला विचारतो, तुझ्याकडे किती? त्यावरून आपला अंदाज लावतो."

वहाबभाऊंनी हातातला कप खाली ठेवला. "म्हणजे मोहल्ल्यात विचारून सोयरीक जमवल्यासारखं."

"तसंच. साधं कापड असलं तर सगळे शेजारी एकच सांगतात, म्हणून रंग बरोबर येतो. बारीक चौकडीत मात्र एका शेजाऱ्यावर गडद दोरा पडतो, दुसऱ्यावर फिका. प्रत्येक जण वेगळं सांगतो. मग ठिपका गोंधळतो आणि कोणीच न घातलेला रंग भरून टाकतो. ते तुमचे साप."

मला वाटलं होतं, शाबासकी मिळेल. वहाबभाऊ उठून उभे राहिले. रागाने त्यांची दाढी थरथरत होती.

"म्हणजे इतके वर्षं मी लोकाइले तीनातला एक हिस्सा फोटो देऊन राह्यलो? अन् दोन हिस्से अंदाज? अबे किसन, हे त्यानं खोक्यावर लिहिलं काऊन नाई?"

दुसऱ्या दिवशी स्टुडिओबाहेर पाटी लागली: 'फोटोतील रंगाचा एक हिस्सा खरा. दोन हिस्से कॅमेऱ्याच्या अकलेवर. समजून येणे.' गिऱ्हाइकं वाचून बाजारातल्या दुसऱ्या स्टुडिओत जाऊ लागली. एका मुलीचे वडील विचारायला आले, "भाऊ, पोरगी दाखवाची हाये, फोटो खरा येईन ना?" वहाबभाऊंनी त्यांना बसवून ठिपक्यांची सगळी हकिकत सांगितली. ते गृहस्थ घाबरून म्हणाले, "मंग पोरगीच घेऊन जातो." "तेच करा," वहाबभाऊ म्हणाले. ती पाटी शेवटी त्यांच्या बहिणीने, रजियाबाईंनी, काढली. त्याबद्दल त्या दोघांचं अजूनही भांडण चालू आहे.

शिकून मी पुण्याला नोकरीला लागलो. मोबाइलमधल्या कॅमेऱ्यांसाठी हेच रंग भरण्याचं काम. एकदा मीटिंगमध्ये एक वरिष्ठ म्हणाले, की गडद चेहरे मुळात नीट येतच नाहीत, ते थोडे गोरे करून टाका, लोकांना आवडतं, होतं असं. माझ्या आईचं बोट मला आठवलं. माझा आवाज काचेच्या दारापलीकडे गेला असणार, कारण बाहेरची माणसं वळून बघत होती. "होते असं म्हणजे काय?" मीटिंग तिथेच संपली. मला वाटलं, नोकरी गेली. गेली नाही. उलट गडद चेहरे न फासता उजेडात आणायचं काम माझ्याच गळ्यात पडलं. मी ते दात-ओठ खाऊन केलं, आणि आता ते मला येतं.

गेल्या ईदला मी अहेरीला गेलो होतो. शीरखुर्मा झाला, रजियाबाई आत गेल्या. वहाबभाऊंनी मला स्टुडिओत नेलं आणि संगणकावर एक फोटो उघडला.

एक बाई स्टुलावर बसलेली. अंगावर बारीक चौकडीची सुती साडी, आणि साडीभर तेच जांभळे-हिरवे साप. मागच्या दारातून येणाऱ्या उजेडामुळे चेहरा काळवंडलेला, नाक-डोळे नीट कळत नव्हते, बाई तोंड उतरवून बसल्यासारखी वाटत होती.

"तुही भाभी," वहाबभाऊ म्हणाले.

वहाबभाऊंच्या बायकोला, नसीमभाभींना, मी पाहिलेलं नव्हतं. मी अहेरीत आलो त्याच्या आधीच त्या आजाराने गेल्या होत्या. त्यांचा एकही फोटो घरात नव्हता, आणि मी कधी विचारलं नव्हतं. फोटोवाल्याच्या घरचं माणूस नेहमी दिवा धरून कॅमेऱ्याच्या मागे उभं असतं.

"मंग नवरदेव?" मी विचारलं.

"कायचा नवरदेव बे." ते खुर्चीत बसले. "कॅमेरा आणला त्या दिवशी हिलेच बसवलं होतं, उजेड पाहाले. मान वर, डोये उघड, असं डाफरत डाफरतच काढला. फोटो पाह्यला तं हे असं. मंग आणखीनच डाफरलो. म्हटलं, हेच लुगडं भेटलं काय नेसाले? अक्कल हाये काय? जा, बदलून ये. ते गेली. तेवढ्यात गिऱ्हाईक आलं, मंग लाइन गेली. संध्याकाळी म्हणे, काढू ना, कुठी पळून जाऊन राह्यली मी. मंग राहूनच गेलं. लगनसराई लागली, मंग तिची तब्येत."

खिळ्यावरचा शर्ट पंख्याच्या वाऱ्याने हलत होता. मी शर्टाकडे पाहिलं आणि मग वहाबभाऊंकडे पाहायचं टाळलं.

"तिचे कपडे रजियानं वाटून टाकले, आमच्यात वाटतात तसे. आता मी म्हणतो, लुगडं बदामी होतं. रजिया म्हणते, गुलाबी होतं. अहेरीत कोणत्या माणसानं कोणता शर्ट घातला ते मले याद राह्यते. अन् हे नाई." मग त्यांचा आवाज नेहमीसारखा चढला, पण अर्ध्यातच थांबला. "रंग जाऊ दे. चेहरा पाय. माह्या डाफरण्यानं कसा उतरून गेला. ते नाराज होऊन उठली होती, किसन. अन् तोच एक फोटो हाये."

कॅमेरा नवा होता, कोणतं बटण कशाचं ते वहाबभाऊंना त्या दिवशी माहीत नव्हतं. त्यामुळे चुकीचं बटण दाबलं जाऊन फोटोसोबत त्याची कच्ची फाइलही साठली होती, ज्यात कोणी काही भरलेलं नसतं. ठिपक्यांनी जे पाहिलं तेवढंच असतं. त्यांनी ती आजवर जपली होती, काय आहे ते न कळता. मी ती पुण्याला आणली. काम झाल्यावर छापून पाठवली, कारण मोबाइलच्या पडद्यावर रंग बघणाऱ्या माणसाला ते घरात घेत नाहीत. सोबत हे पत्र होतं.

वहाबभाऊ,

सलाम. सोबत दोन फोटो आहेत. पाकीट उन्हात उघडा, ट्यूबलाइटखाली नको.

पहिला फोटो काळा आणि बारीक ठिपक्यांचा दिसेल. त्यात कॅमेऱ्याने खरोखर पाहिलं तेवढंच ठेवलं आहे, मी काहीही भरलेलं नाही. तुम्ही विचाराल, म्हणून आधी तोच ठेवला. दुसऱ्यात मी रंग भरले आहेत.

साडीचं आधी सांगतो. साप काढले आहेत. लांबून पाहिली तर साडी बदामी दिसत असणार, हे मी खात्रीने सांगू शकतो, कारण आजूबाजूचे सगळे ठिपके मिळून तेच सांगतात. पण आतला एकेक दोरा कोणत्या रंगाचा होता, ते कॅमेऱ्याला त्या दिवशीही कळलं नव्हतं आणि मला आजही कळत नाही. तो गुलाबी असेलही. तिथे मी अंदाज केला आहे. रजियाबाईंशी त्यावरून भांडायचं असेल तर भांडा, पण माझं नाव पुढे करू नका.

आता चेहऱ्याचं. चेहऱ्यावर चौकडी नसते, वहाबभाऊ. तिथे शेजारी शेजाऱ्याशी खोटं बोलत नाही. कॅमेऱ्याने भाभींचा चेहरा अंधारात ठेवला होता, तो मी उजेडात आणला. गोरा केलेला नाही. भाभी सावळ्या होत्या, तशाच आहेत.

त्या नाराज नव्हत्या. नीट पाहा. खालचा ओठ दाताखाली धरला आहे, डाव्या गालाला खळी पडली आहे आणि डोळे कॅमेऱ्याकडे नाहीत, थोडे बाजूला, तुम्ही उभे असाल तिथे आहेत. त्या हसू दाबून बसल्या आहेत. 'नजर'मध्ये बोलणी खाऊन हसणारं एवढं एकच माणूस मी पाहिलं. हे मी अंदाजाने लिहीत नाही. पहिल्या फोटोतसुद्धा, नुसत्या ठिपक्यांत, ते हसू आहे.

उन्हाळ्यात माझं लग्न आहे. मुलगी गडचिरोलीची आहे, नर्स आहे. फोटो तुम्हीच काढायचा आहे. तिला तुमच्या शर्टाबद्दल आणि ओढणीबद्दल सगळं सांगितलं, तर ती म्हणते, मी बारीक चौकडीचीच साडी नेसून येणार, बघू काय करतात तुमचे वहाबभाऊ. मी तिला अडवलेलं नाही.

तुम्ही तिला रागवा. भरपूर रागवा, ती हसेल. पण खिळ्यावरची ओढणी देऊ नका. आहे तशीच बसवा आणि फोटो काढा. साप आले तर निस्तरायला मी आहे.

तुमचा,
किसन